पहिली ‘ब’चे पालकमंत्री

पगार शून्य, सुट्टी शून्य, आणि रात्री साडेदहाला मेसेज – ‘उद्या कुठला ड्रेस?’ शाळेच्या वर्गाचा पालक प्रतिनिधी होण्यात असं आहे तरी काय? जळगाव ते धुळे, व्हाया व्हॉट्सअ‍ॅप, एक फेरफटका.

प्रत्येक वर्गाला एक मॉनिटर असतो. खडू आणायचा, वह्या गोळा करायच्या, बडबड करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची, अशी त्याची कामं. हल्ली मुलांच्या आईवडिलांनाही एक मॉनिटर लागतो. कुठे त्याला ‘पालक प्रतिनिधी’ म्हणतात, कुठे ‘क्लास पेरेंट’, कुठे ‘कोऑर्डिनेटर’. आमच्या ग्रुपवर एका पप्पांनी त्याला झकास नाव दिलं – पालकमंत्री! जिल्ह्याला एक असतो तसा वर्गालाही एक. फक्त या मंत्र्याला गाडी नाही, बंगला नाही आणि पीए तर नाहीच नाही.

गेलं शैक्षणिक वर्षभर जळगावातल्या एका खाजगी शाळेच्या पहिली ‘ब’चं हे खातं माझ्याकडे होतं. खरं तर मी त्या वर्गातल्या कुणाची आई नाही, आत्या आहे. दादा एमआर, महिन्यातले पंधरा दिवस फिरतीवर. वहिनी बँकेत. जूनमधल्या पहिल्या पालकसभेला त्यांच्या वतीने मी गेले. बाईंनी विचारलं, ‘वर्गासाठी पालकांमधून कोण पुढे येतंय?’ ऑफिसात बॉसने ‘शनिवारी कोण येणार?’ विचारल्यावर जशी शांतता पसरते, अगदी तशी पसरली. मग कुणीतरी म्हणालं, ‘या आत्या घरूनच काम करतात ना!’ फ्रीलान्स पत्रकार म्हणजे घरी रिकामी बसलेली मुलगी, असा आमच्याकडे ठाम समज आहे. झालं! शपथविधी आटोपला.

खात्याचा कारभार

वर्गात बेचाळीस मुलं. म्हणजे बेचाळीस घरं आणि ग्रुपवर साठ-सत्तर नंबर. एकाही बाईचं नाव माझ्या फोनमध्ये तिच्या स्वतःच्या नावाने सेव्ह नव्हतं. सगळ्या ‘अमक्याची मम्मी’. त्यांच्या फोनमध्ये मीही ‘आत्या १ली ब’.

काम काय असतं? तर बाईंचा निरोप ग्रुपवर टाकायचा. मग तोच निरोप ‘नेमकं काय ते कळलं नाही’ असं विचारणाऱ्या सात जणांना पुन्हा सांगायचा. हरवलेल्या पाण्याच्या बाटल्या, डबे आणि एका पायाचे सॉक्स यांचा शोध लावायचा. आनंद मेळाव्यात कुणाचा पाणीपुरीचा स्टॉल आणि कुणाचा भेळेचा, हा वाटाघाटीचा विषय. तो संयुक्त राष्ट्रांच्या पातळीवर हाताळावा लागतो. गॅदरिंगच्या कोळी डान्ससाठी बारा लुंग्या एकाच रंगाच्या मिळवायच्या. आणि ‘गुड मॉर्निंग’चे गुलाब, देवांचे फोटो आणि प्लॉट विक्रीच्या जाहिराती टाकणाऱ्यांना गोड शब्दांत आवरायचं. हे शेवटचं काम सगळ्यात कठीण!

प्रोजेक्ट मॅनेजर मंडळींना यात नवीन काही वाटणार नाही. डेडलाइन, फॉलोअप, एस्केलेशन, सगळं तेच. पण ऑफिसात टीममधल्या प्रत्येकाकडे लॅपटॉप असतो, मेल आयडी असतो आणि सगळे एक भाषा वाचतात. वर्ग नावाच्या टीममध्ये हे गृहीत धरता येत नाही. पालकमंत्र्याची परीक्षा तिथेच सुरू होते.

ग्रुपमध्ये नसलेली आई

ऑगस्टमध्ये शाळेत ‘यलो डे’ होता. पहिली ‘ब’ अख्खी केळीच्या घडासारखी पिवळी झाली होती. एक मुलगा मात्र रोजच्या गणवेशात आला. त्याला कुणी रागावलं नाही, पण ग्रुप फोटोच्या वेळी तो बाकाखाली पडलेला खोडरबर शोधत बसला. फोटो संपेपर्यंत त्याला तो काही सापडला नाही. हे मला बाईंनी सांगितलं.

शिक्षण हक्क कायद्यात खाजगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशाच्या वर्गातल्या किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवाव्या लागतात. हा मुलगा त्या जागेवर आलेला. वडील एमआयडीसीतल्या डाळ मिलमध्ये. घरात स्मार्टफोन एक, आणि तो वडिलांबरोबर ड्युटीवर जातो. शाळेच्या डायरीतला निरोप इंग्रजीत. आई सातवीपर्यंत शिकलेली, मराठी व्यवस्थित वाचणारी. पण तिच्यापर्यंत मराठीतून काही पोचतच नव्हतं. कायद्याने मुलाला वर्गात जागा दिली होती. आईला ग्रुपमध्ये जागा द्यायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी यादी काढली तेव्हा अशी सहा घरं निघाली. कुणाकडे फोन नाही, कुणाचा नंबर बदललेला, एका घरी फक्त आजी. मग आम्ही एक साधा फंडा काढला – जोडीदार घर. ग्रुपवर नसलेल्या प्रत्येक घराला जवळच राहणारं एक घर जोडून दिलं. निरोप मराठीत, दोन ओळींचा आणि किमान दोन दिवस आधी. शिवाय शाळा सुटताना गेटवर तोंडी. आपल्याला वाटतं ग्रुप सगळ्यात फास्ट. पण शाळेचं गेट त्याच्याहून फास्ट असतं, राव! साडेबारा वाजता तिथे अर्ध्या वर्गाच्या आया, आज्या आणि रिक्षावाले काका उभे असतात. आमच्या रिक्षावाल्या काकांनी वर्षभरात एकही निरोप चुकवला नाही.

पैशांचंही तसंच. शिक्षक दिनाला बाईंना भेट द्यायची, कुणीतरी म्हणालं प्रत्येकी दोनशे. ग्रुपवर ‘पेड’, ‘पेड’ अशी रांग लागली, की ज्याने दिले नाहीत तो आपोआप उघडा पडतो. म्हणून वर्गणी बंद करून प्रत्येक मुलाने घरी बनवलेलं एक कार्ड द्यायचं ठरलं. दोन-तीन मम्मी नाराज झाल्या. बाई मात्र बेचाळीस कार्डांचा गठ्ठा ओढणीत धरून स्टाफरूममध्ये गेल्या.

आणि मग डिसेंबरची पालकसभा. ‘यलो डे’वाल्या मुलाची आई पहिल्यांदाच आली होती. मागच्या बाकावर, अंग चोरून. सभा संपत आली तेव्हा हळूच म्हणाली, ‘मॅडम, माझा पोरगा शाळेत पाणीच पीत नाही. बाटली भरलेली परत येते. इचारलं तर म्हणतो, पाणी प्यायलं का संडासला जावं लागतं, अन् तिथली कडी आतून निघत नाही.’

दोन सेकंद शांतता. मग एक मम्मी म्हणाली, ‘आमचीही बाटली भरलेलीच येते.’ मग दुसरी. मग पाचवी. सगळ्यांना वाटत होतं, आपलंच कार्टं पाणी प्यायला आळशी आहे! कडी जाम होती, आत दिवाही नव्हता आणि सहा वर्षांची मुलं अडकायच्या भीतीने सकाळपासून पाणी टाळत होती. आठवड्याभरात शाळेने कडी बदलली, बल्ब लावला आणि बाहेर एक मावशी उभ्या राहू लागल्या.

साठ-सत्तर नंबरांच्या ग्रुपवर सहा महिने हा विषय आला नव्हता. ग्रुपवर नसलेल्या बाईने तो काढला. पालक प्रतिनिधी कशासाठी असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

अंगणातली शाळा

‘हे सगळं इंग्लिश मीडियमचं कौतुक,’ असं म्हणाल तर थांबा. याच कामाचं आणखी भारी रूप मला एका जिल्हा परिषद शाळेच्या गावात दिसलं. जळगावहून एरंडोल, पारोळा करत धुळे गाठायचं आणि तिथून पुढे अर्धा तास.

कोरोनाच्या काळात अंगणवाड्या आणि शाळा बंद होत्या. त्यामुळे कधीच अंगणवाडीत न बसलेली मुलं थेट पहिलीत येणार होती. म्हणून २०२२ मध्ये राज्यात ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान सुरू झालं. शिक्षण विभागाबरोबर ‘प्रथम’ ही संस्था त्यात होती. शाळेत मेळावा भरवायचा, एक एप्रिलमध्ये, दुसरा जूनमध्ये. नोंदणीपासून पालकांच्या मार्गदर्शनापर्यंत सात स्टॉल. मध्ये मूल उड्या मारतं, रंग ओळखतं, चित्र पाहून गोष्ट सांगतं, वस्तू मोजतं. मुलाला काय येतं आणि कुठे मदत लागेल, ते विकासपत्रावर लिहिलं जातं. मधल्या सुट्टीच्या काळात मुलांची तयारी घेणार कोण? तर आया. शेजारपाजारच्या चार-सहा आयांचा एक माता गट आणि त्यांची एक ‘लीडर माता’. आठवड्याच्या कृती मोबाइलवर येतात, लीडर माता त्या गटाला समजावते.

मी गेले त्या दुपारी एका ओट्यावर पाच जणी बसल्या होत्या. पुढ्यात चिंचोके, बांगड्या आणि बाटल्यांची झाकणं. ज्यात जास्त ते कुठलं, ज्यात कमी ते कुठलं, असा खेळ चाललेला. त्यातल्या एका आजीला मी विचारलं, तुम्हाला जमतं का हे? आजी अहिराणीत उत्तरल्या, ‘माले वाचता येत नही, पन मोजता येस ना!’ बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या बाईला गणित येतं का, हे विचारणारी मीच शहाणी.

खान्देशात भाषेचा मुद्दा मोठा आहे. घरात ‘आंडोर’, पुस्तकात ‘मुलगा’. घरात ‘वावर’, पुस्तकात ‘शेत’. पहिलीतल्या मुलाला पुस्तकातला शब्द माहीत नसतो, म्हणून ते गप्प बसतं आणि आपण समजतो त्याला काही येत नाही. लीडर माता या दोन शब्दांच्या मध्ये उभी असते. चित्रातल्या शेतावर बोट ठेवून ती म्हणते, ‘हाई आपलं वावर.’ पुढचं मूल स्वतःच बोलतं. परजिल्ह्यातून बदलून आलेल्या गुरुजींनाही तिचा तेवढाच उपयोग. या गुरुजींनी आपल्या वहीत अहिराणी शब्दांची यादीच केली होती, सगळी या आयांकडून घेतलेली.

आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी शाळेत कधी गेल्या नाहीत. लिहिता-वाचता येत नसताना रचलेल्या त्यांच्या कविता मुलाने उतरवून ठेवल्या आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये त्या छापून आल्या. तेव्हा अक्षरं न येणारी बाई शाळेला काय देणार, हा प्रश्न निदान आपल्या मुलखात तरी कुणी विचारू नये. पारोळ्याहून उजवीकडे फाटा जातो त्या अमळनेरला प्रताप हायस्कूल आहे. १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी तिथे शिक्षक होते आणि छात्रालयातल्या मुलांची आजारपणं, आवराआवर आईच्या मायेने बघायचे. शाळा आणि घर यांच्यामध्ये कुणीतरी उभं राहावं लागतं, हे इथे नवीन नाही.

सहाशे रुपयांचा गणवेश

त्या ओट्यावरच्या लीडर माता शाळा व्यवस्थापन समितीतही होत्या. ही समिती म्हणजे नुसतं चहापाण्याचं प्रकरण नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांत ती असलीच पाहिजे. किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या सदस्य महिला आणि वंचित, दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. म्हणजे मागच्या बाकावरच्या आईला पुढे बसवा, हे कायद्यातच लिहिलंय. शाळेला मिळणाऱ्या पैशाचा वापर कसा होतो, यावर लक्ष ठेवणं हे या समितीचं काम.

याने काय फरक पडतो? गणवेशाची गोष्ट बघा. समग्र शिक्षा योजनेत मुलामागे दोन गणवेशांचे सहाशे रुपये येतात. पूर्वी समिती ते पैसे वापरून गावाच्या आसपासच कपडे घ्यायची, शिवून घ्यायची. मग २०२३ मध्ये ‘एक राज्य एक गणवेश’ आलं. २०२४-२५ मध्ये कापड वरून आलं, शिलाई बचत गटांकडे गेली. गणवेश उशिरा आले, मापं चुकली, अशा तक्रारी राज्यभरातून आल्या. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि २०२५-२६ पासून ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं. लीडर मातांचा हिशोब सरळ होता, ‘मुंबईले कसं माहीत व्हई, आमना पोऱ्यासना कंबरनं माप?’

खाजगी शाळांत ही समिती नसते, पण तुम्ही अगदीच निःशस्त्र नसता. महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ प्रमाणे प्रत्येक शाळेत पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती हवी. समितीत प्रत्येक इयत्तेतून एक पालक, तोही इच्छुकांमधून चिठ्ठी टाकून निवडलेला. फीवाढीचा प्रस्ताव आधी या समितीपुढे यावा लागतो. फी वाढली की ग्रुपवर रागावलेले चेहरे टाकणारे आपण, जूनमध्ये इच्छुकांच्या यादीत नाव देतो का? चिठ्ठी निघायची तर आधी ती टाकावी लागते, बॉस!

सगळ्या मम्मीच का?

अमेरिकेत याच कामाला ‘रूम मदर’ म्हणायचे, हल्ली ‘रूम पेरेंट’ म्हणतात. तिथल्या पालक-शिक्षक चळवळीची सुरुवात १८९७ मध्ये वॉशिंग्टनला झाली. अ‍ॅलिस बर्नी आणि फीबी हर्स्ट या दोघींनी बोलावलेली ती परिषद होती ‘मातांची’. सव्वाशे वर्षं उलटली तरी चित्र फारसं बदललेलं नाही. धुळ्याकडच्या गावात गटाचं नाव माता गट. आमच्या ग्रुपवर पप्पा लोक होते, पण मुख्यतः अंगठा दाखवण्यापुरते.

वहिनीचं म्हणणं मला पटतं. ती म्हणते, ‘बँकेत आठ तास, घरी सहा तास आणि वर शाळेचं हेही आईनेच करायचं. ‘हौस असते बायकांना’ म्हणून सोडून देऊ नका, काम म्हणून मोजा तरी.’ मी मोजलं. आठवड्याला सरासरी दोन ते अडीच तास. गॅदरिंगच्या महिन्यात दुप्पट. क्रिकेटच्या एका टी-ट्वेंटी मॅचपेक्षा हे कमीच आहे. जानेवारीत आम्ही ड्यूटी वाटून घेतली – एक महिना एक मम्मी, एक पप्पा. फेब्रुवारीतले पप्पा कोर्टात क्लार्क. त्यांनी निरोपांना चक्क क्रमांक दिले – ‘निरोप क्र. ७, विषय : सहल’. सगळे हसले. पण त्या महिन्यात एकही निरोप कुणी दुसऱ्यांदा विचारला नाही!

तुमच्यापैकी बरेच जण पुण्या-मुंबईत नोकरी करता. कुणाचं मूल नर्सरीत असेल, कुणाचं लग्न व्हायचं असेल, कुणी माझ्यासारखे नुसतेच काका, मामा, आत्या असाल. शाळेसाठी काहीतरी करायचं म्हणजे देणगी द्यायची किंवा वाढदिवसाला वह्या वाटायच्या, असं आपल्याला वाटतं. तेही करा. पण वर्गाला दोन तास आणि एक यादी देणारा माणूस जास्त हवा असतो. ज्या घरांपर्यंत निरोप पोचत नाही, त्या घरांची यादी.

पालकमंत्री होताय? मग हे करा

– पहिल्या आठवड्यात ग्रुपवर कोण आहे ते पाहू नका, कोण नाही ते पाहा. हजेरीशी नंबर ताडून घ्या.
– निरोप मराठीत, दोन ओळींत, तारीख-वारासकट. ड्रेस किंवा सामान लागणार असेल तर दोन दिवस आधी. घरात असेल तेच चालेल, असं काहीतरी सुचवाच.
– वर्गणीची यादी ग्रुपवर कधीही लावू नका. शक्यतो वर्गणीच नको.
– एका मुलाची तक्रार ग्रुपवर नाही, बाईंशी समोरासमोर. दुसऱ्याच्या मुलाचा फोटो वर्गाबाहेर पाठवायचा नाही.
– बाईंनाही घर आहे. रात्री आठनंतर प्रश्न विचारायचे नाहीत, हा नियम सगळ्यांना, तुम्हालाही.
– पालकसभेत शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा. जे वर्षभर बोलले नाहीत त्यांना नाव घेऊन विचारा, ‘तुम्हाला काही सांगायचंय?’
– सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर शाळा व्यवस्थापन समितीची बैठक कधी ते विचारा. खाजगी असेल तर पालक-शिक्षक संघाच्या चिठ्ठीत नाव टाका.
– वर्ष संपलं की खुर्ची सोडा, पण यादी पुढच्या पालकमंत्र्याच्या हातात देऊन. दुसरी ‘ब’ची यादी आता फेब्रुवारीवाल्या पप्पांकडे आहे, आणि तिला अर्थातच क्रमांक आहे.